मिठाच्या पाण्यातले आठ तुकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकट्याचे पहिले आठ तुकडे आज माझ्या टेबलावर आले. धाकटा म्हणजे माझा भाऊ, आणि तुकडे म्हणजे त्याने जोडलेल्या मॅग्नेशियमच्या पट्टीचे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही मी सगळं असं फोड करून लिहिते. तीस वर्षं अहवाल लिहिण्याची खोड, दुसरं काय.

आमचा कारखाना घडीच्या व्हीलचेअरचे सांगाडे बनवतो. मॅग्नेशियमचा सांगाडा इतका हलका होतो की म्हातारं माणूसही एका हाताने उचलून गाडीत ठेवेल. पण मॅग्नेशियम वितळवून जोडायचं म्हणजे डोक्याला ताप. पेट घेतं, भोकं पडतात, वाकडं होतं. म्हणून हे नवं मशीन आणलंय. त्यात काहीच वितळत नाही. एक कडक पोलादी पिन गरगर फिरत दोन पट्ट्यांच्या फटीत उतरते, घासून घासून धातू लोण्यासारखा मऊ होतो, आणि पिन तो घुसळत पुढे सरकते. मागे जोड तयार. कागदावर याचं नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. वर्कशॉपमध्ये सगळे ‘घुसळण’ म्हणतात आणि धाकट्याला घुसळ्या.

जोड दिसतो देखणा. पण खुर्ची पावसात भिजणार, तिला घामेजलेले हात लागणार. तो मिठाच्या पाण्यात किती टिकतो हे मी ठरवते. म्हणून कारखान्यात माझं नाव खारटबाई. स्वभावावरूनही पडलं असेल.

साहेबांनी जिन्यात गाठून सांगितलं की जोड पास झाला तर मशीन समुद्राकाठच्या मोठ्या कारखान्यात हलवणार, आणि मशीनबरोबर ते चालवणाराही जाणार, कायमचा. नापास झाला तर मशीन विकणाऱ्याकडे परत आणि धाकटा पुन्हा पत्रे दाबायच्या जुन्या प्रेसवर. धाकट्याने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “चांगलंच आहे की.” आणि चांगलंच आहे.

तुकड्यांवर नंबर घातले. साध्या, न जोडलेल्या पट्टीच्या तुकड्यांना मी दोरीला चिठ्ठी बांधते. ते सगळे सारखेच, अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. पण धाकट्याचे तुकडे एकाच जोडातून ओळीने कापलेले, सुरुवातीचा कुठला आणि शेवटचा कुठला हे कळायलाच हवं. चिठ्ठी भिजून गळते, शाई धुऊन जाते. म्हणून बाबांची नंबर पंचांची पेटी घरून नेली. पोलादी पंच, म्हणजे ठोकून आकडा उमटवायचे खिळे, शून्य ते नऊ. बाबा साचे बनवायचे, त्यांच्या हातचा प्रत्येक साचा या पंचांनी ओळखला जायचा. एकेक तुकडा लाकडावर ठेवून, मागच्या बाजूला कोपऱ्यात, जोडाला लागून, प्रत्येक आकड्याला हातोडीचा एकच ठोका. अकरा ते अठरा. अक्षर कसं बसलंय पाहत राहावं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सगळे तुकडे पाण्यात. मिठाच्या पाण्यात मॅग्नेशियम झिजतं तेव्हा बारीक बुडबुडे सुटतात. ते वर उलट्या धरलेल्या मोजनळीत जमा होतात. जितके बुडबुडे तितकी झीज. साधे तुकडे गप्प आहेत. धाकट्याचे तासाभरातच बुडबुडायला लागले.

दुपारचा डबा एकटीने खाल्ला. लग्न झाल्यापासून तो मशीनपाशीच खातो. चौदा महिने झाले. पूर्वी आम्ही दोघं माझ्या खोलीत जेवायचो, बावीस वर्षं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

साफसफाईवाल्या मावशी स्टीलची घासणी घेऊन प्रयोगशाळेत शिरल्या. मी इतक्या मोठ्याने ओरडले की त्या दारातच थिजल्या. मॅग्नेशियमला लोखंडाचा कण जरी चिकटला तरी त्या कणाभोवती ते भराभर खाल्लं जातं, जणू वैरच आहे. ‘या खोलीत लोखंड आणू नये’ अशी पाटी मीच लावली आहे. मावशी म्हणाल्या, “बाई, मला वाचता येत असतं तर मी घासणी घेऊन फिरले असते का?” नंतर त्यांना चहा पाजला.

सोमवार, १० फेब्रुवारी

सहा दिवस संपले. तुकडे काढले, आम्लात धुतले, वजनं केली. नापास. साध्या तुकड्यांच्या आठपट झीज.

मागच्या बाजूने, कोपऱ्यापासून सुरू होऊन जोडाकडे पसरलेले खड्डे. आकडे वाचणंही मुश्कील झालंय, अठरा तर नुसता खड्डा. बरं झालं मी ओळीने टांगले होते. शेवटाकडे झीज वाढत जाते असं दिसतं, म्हणजे मशीन तापत जातं तसा जोड बिघडत असावा. चौदा आणि सतरा तेवढे वाह्यात, शेजाऱ्यांपेक्षा बरे निघाले. प्रत्येक चाचणीत असे एकदोन नग असतातच.

अहवाल लिहून साहेबांना दिला. त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण घरी चालत येताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय. काल झोप चांगली झाली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकटा सकाळीच आला. दारातूनच म्हणाला, “ताई, आठपट?”

“नोंद म्हणजे नोंद. वजनकाटा माझा भाऊ नाही.”

हसला नाही. सतरा नंबरचा तुकडा उचलला, उलटा केला, खिडकीपाशी नेऊन भिंगातून बघत बसला. मग म्हणाला, “नंबर तू घातलेस?”

“मग काय शेजारणीने?”

“बाबांच्या पंचांनी?”

“हो. का?”

बराच वेळ तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी ताप आला की असाच बघायचा, काही न मागता. मग तुकडा जपून जागेवर ठेवला आणि “बरं” म्हणून गेला.

बाबांची आठवण झाली असणार. मलाही झाली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अठरा नंबर बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवला होता. उत्तर आलं: पृष्ठभागावर खड्ड्यांपाशी लोखंड. मला वाटलंच होतं! पोलादी पिन घुसळताना झिजते आणि तिचा कीस जोडात उतरतो. साहेबांसमोर मी हे सांगितलं तेव्हा धाकटा भिंतीला टेकून उभा होता. “पिन झिजलेली नाही, मी मोजली आहे,” एवढंच म्हणाला. साहेब म्हणाले, “बाईंचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.” आणखी कडक, वेगळ्या मुलाम्याची पिन मागवायची ठरली. धाकट्याने मान हलवली. पूर्वी वाद घालायचा. लग्नाने माणूस मऊ होतो म्हणतात ते हेच असेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

भावजयीने जेवायला बोलावलं होतं. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. मी केक करून नेला. डब्याचं झाकण उघडताच तिने नाकाला पदर लावला आणि “नंतर खाते हं ताई” म्हणून खिडकीत जाऊन उभी राहिली. चहाही घेतला नाही. जेवणात दोन घास उष्टावले आणि आत जाऊन पडली. एवढी काय माझी ॲलर्जी? मी काही तिला सासुरवास केलेला नाही. उलट लग्न ठरलं तेव्हा माझी मोठी खोली देऊ केली होती, त्यांनीच वेगळं घर घेतलं.

धाकटा वाढताना दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडून गप्प बसला. पुस्तकांच्या फळीवर समुद्राकाठच्या त्या गावाचा नकाशा घडी करून ठेवलेला होता. मी पाहिला नाही असं दाखवलं.

परत आले आणि घर खायला उठलं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, मी चोवीसची. त्याची वेणी घालायची नव्हती एवढंच, बाकी सगळं केलं. त्याला कारखान्यात मीच चिकटवला. टेबलाभोवती चार खुर्च्या आहेत. मी रोज वेगळ्या खुर्चीवर बसून जेवते, म्हणजे सगळ्या सारख्या झिजतील. हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नव्या पिनेचे आठ तुकडे आले. जोड पहिल्यापेक्षाही सुबक, माशाच्या खवल्यांसारख्या बारीक वळ्या. एकवीस ते अठ्ठावीस नंबर घातले. यावेळी ठोका जरा जोरात मारला, म्हणजे गेल्या वेळसारखे आकडे बुजणार नाहीत. उद्या सकाळी पाण्यात.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पहिल्यापेक्षा वाईट. दहापट. नवी पिन लावूनसुद्धा.

गंमत म्हणजे सात नंबर पुन्हा बचावला. गेल्या वेळी सतरा, आता सत्तावीस. मी साहेबांना म्हटलं, सगळ्याच तुकड्यांना सात नंबर देऊ या. साहेबांना विनोद आवडला नाही. ते म्हणाले मशीन परत करायचं ठरतंय, बारा मार्चला विकणारे पेटीत भरून नेतील. धाकट्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मी प्रेसवर कधीपासून येऊ?” एक शब्द भांडला नाही. बारा जणांना मागे टाकून हे मशीन मिळवलेला माणूस! मला त्याचा रागच आला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज धाकटा डबा घेऊन माझ्या खोलीत जेवायला आला!

प्रेस या इमारतीत आहे ना. स्टूल ओढून बसला, पूर्वीच्याच जागी. मी माझ्यातली भाजी त्याच्या डब्यात घातली, त्याने मुकाट्याने खाल्ली. फार काही बोलणं झालं नाही. मी मावशींचा घासणीचा किस्सा सांगितला. त्यावर मात्र तो जेवायचा थांबला आणि म्हणाला, “तू त्यांना ओरडलीस? लोखंडावरून?” मी म्हटलं, “मग? जीव टांगणीला लागतो माझा.” तो पुन्हा जेवायला लागला.

डबा धुताना म्हणाला, “रोज येत जाईन.” किती महिन्यांनी माझ्या पोटात अन्न गेल्यासारखं वाटलं.

रविवार, २ मार्च

सुट्टी. वेळ जाईना म्हणून दोन्ही चाचण्यांची वजनं या वहीत उतरवत बसले. साधारणपणे मी नंबरांच्या क्रमाने लिहिते. आज गंमत म्हणून झिजेच्या क्रमाने लिहिली, सगळ्यात कमी झिजलेला आधी.

पहिली चाचणी: ११, १७, १४, १२, १५, १३, १६, १८.

दुसरी चाचणी: २१, २७, २४, २२, २५, २३, २६, २८.

क्रम एकच आहे.

जोडाची सुरुवात आणि शेवट यांचा काही संबंध नाही. चौदा बाराच्या आधी कसा येईल मग? बाबांच्या पंचांवरचे आकडे इंग्रजी. एक म्हणजे एक उभी रेघ. सात म्हणजे दोन रेघा. आठ म्हणजे दोन गोल, सगळ्यात लांब रेघ. जितकी लांब रेघ, तितकं पोलाद धातूला घासलेलं. आणि दुसऱ्या चाचणीत प्रत्येक तुकड्यावर पहिला आकडा एकाच्या जागी दोन, म्हणजे रेघ आणखी लांब, आणि ठोकाही जोराचा.

लोखंड होतंच. ते त्याच्या पिनेचं नव्हतं.

उद्या भिंगाखाली बघते.

सोमवार, ३ मार्च

भिंगाखाली पाहिलं. खड्डा आकड्यातून सुरू होतो, जोडातून नाही. दहा वर्षांच्या पोरालाही दिसेल. मला महिनाभर दिसलं नाही. पहिल्या पट्टीचा एक तुकडा आखूड निघाला म्हणून बाजूला ठेवला होता, त्यावर नंबर नाही. तो पाण्यात सोडला.

धाकटा जेवायला आला. सांगितलं नाही. आधी खात्री करून घेते.

मंगळवार, ४ मार्च

एकही बुडबुडा नाही.

चाचणी सहा दिवसांची असते. नियम आहे. पूर्ण झाल्याशिवाय बोलणं योग्य नाही.

गुरुवार, ६ मार्च

अजून बुडबुडा नाही. तुकडा पहिल्या दिवसासारखा लखलखतोय. मी तासातासाला जाऊन बघते. एखादा तरी दिसावा असं वाटतं आणि वाटल्याची लाज वाटते.

धाकटा आज म्हणाला, “प्रेसवर कान किटतात, पण बरं आहे.” मी त्याच्या डब्यात भाजी घातली. तो खात होता आणि माझ्या मनात हिशोब चालू होता: मी तोंड उघडलं नाही तर बुधवारी मशीन जाईल, गोष्ट संपेल, तो रोज इथे बसेल. कुणाचा जीव जाणार नाही. त्या खुर्च्या काय, ॲल्युमिनियमच्या आहेतच. एवढंच होईल की जड असतील.

हे मी लिहिलंय. खोडत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मावशींनी विचारलं, “बाई, बरं नाही का? ओरडला नाहीत दोन दिवस.”

रविवार, ९ मार्च

सकाळीच त्याच्या घरी गेले. तीन मजले चढताना वाक्यं जुळवत होते. भावजय आत झोपली होती. तो स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होता. मी बसलेही नाही.

“अरे, तुझ्या जोडात काही खोट नाही. लोखंड पंचांचं होतं. चूक माझी आहे.”

त्याने नळ बंद केला. हात पुसले. चकित झाला नाही. मी इतक्या तयारीने गेले होते, रागावेल, ओरडेल, म्हणेल माझं वर्ष वाया घालवलंस. तो नुसता म्हणाला, “माहीत आहे, ताई.”

“काय माहीत आहे?”

“पहिल्याच दिवशी दिसलं मला. सतरा नंबर बघितला तेव्हाच. आकड्यातूनच खाल्लंय.”

“मग बोलला का नाहीस?”

तो पुन्हा कपबश्यांकडे वळला. पाठमोराच म्हणाला, “मला वाटलं, तुला मी जायला नकोय. तू तोंडाने कधी बोलणार नाहीस. म्हणून असं केलंस.”

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतोय.

“मी मुद्दाम केलं असं वाटलं तुला?”

“ताई, तू त्या खोलीत स्टीलचा चमचा येऊ देत नाहीस. बिचाऱ्या मावशींना झापलंस. आणि तूच पोलादाच्या पंचांनी मॅग्नेशियमवर ठोके मारतेस, तेही फक्त माझ्या तुकड्यांवर, दोन वेळा. मी काय समजायचं?”

“मी जपून करत होते रे! तुझे तुकडे दुसऱ्या कशात मिसळू नयेत म्हणून.”

“बरं.”

“बरं काय? मी मुद्दाम नाही केलं.”

“बरं म्हटलं ना. नाही केलंस.” मग वळला, माझ्याकडे बघितलं. राग नव्हता डोळ्यांत, असता तर सोपं झालं असतं. “मी तिला सांगितलं होतं, आपण नाही जायचं. ताईने माझ्यासाठी आयुष्य काढलं, तिला तेवढं हवंय तर राहू इथेच. ती रडली दोन दिवस. तिची आई तिकडे जवळ आहे, आणि आता दिवस राहिलेत, तिला आईपाशी जायचंय. पण ऐकलं तिने.”

केक. नाकाला लावलेला पदर. मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं.

“मला सांगितलं नाहीस,” मी म्हटलं.

“त्या दिवशी सांगणार होतो. मग वाटलं, हे ऐकून तू आम्हाला जा म्हणशील आणि एकटी पडशील. किंवा जा म्हणणार नाहीस. दोन्हींची भीती वाटली.”

आतून भावजय उठून आली. काय चाललंय ते तिला आमच्या तोंडांवरून कळलं असावं. तिने मला पाणी दिलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरले.

सोमवार, १० मार्च

साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. “बाई, तुम्ही?” म्हणाले. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली. तेवढं एक जमलं. त्यांनी विकणाऱ्यांना फोन करून मशीनची पेटी थांबवली आणि मला एक आठवडा दिला.

धाकट्याने दुपारपर्यंत नवे आठ तुकडे जोडून दिले. नंबर नाहीत. आठ रंगांचे नायलॉनचे दोरे आणले आणि त्यानेच टांगले. पंचांची पेटी घरी आणून कपाटात ठेवली.

तो जेवायला मशीनपाशी गेला. काम होतं त्याला.

सोमवार, १७ मार्च

पास. नुसता पास नाही. त्याचा जोड साध्या पट्टीपेक्षाही कमी झिजला, जवळपास निम्म्याने. घुसळून धातूचे कण इतके बारीक आणि सारखे झालेत की पाण्याला धरायला जागा सापडत नाही. तीस वर्षांत इतका सुरेख निकाल माझ्या काट्यावर आला नव्हता.

अहवालावर सही केली. मग प्रसाधनगृहात जाऊन रडले.

मंगळवार, १८ मार्च

आधीच्या दोन चुकीच्या अहवालांसाठी एक छापील फॉर्म भरायचा असतो. ‘चूक कुणाची’, तिथे मी माझं पद लिहिलं. ‘चुकीचं कारण’, तिथे पेन अडला.

या वहीत मागे जाऊन वाचलं. तीन फेब्रुवारीला साहेबांनी जिन्यात सांगितलं आणि त्याच दिवशी मी पंच नेले. त्याआधी पाच वर्षं ती पेटी उघडली नव्हती. आठ तारखेला मी लोखंडावरून ओरडले आणि त्याच खोलीत, चार हातांवर, माझे ठोके मारलेले तुकडे पाण्यात होते. दहा तारखेला मी गुणगुणत होते. सव्वीस फेब्रुवारीचं पान तर वाचवत नाही.

मी त्याला छातीठोकपणे सांगितलं की मुद्दाम केलं नाही. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. आता इतकंच म्हणता येतं की मला आठवत नाही असं काही ठरवल्याचं. बाहेरच्या कुणी ही वही वाचली तर तो काय म्हणेल?

फॉर्मवर लिहिलं, ‘सांगता येत नाही’. साहेबांनी परत पाठवला. “असं चालत नाही हो बाई, ‘अनवधान’ लिहा.” लिहिलं.

शनिवार, २९ मार्च

दोघं सकाळच्या गाडीने गेले. सामान आधीच ट्रकने गेलं होतं. भावजय माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वाकू दिलं नाही. तिने विचारलं, “ताई, बाळंतपणाला याल ना?” मी हो म्हटलं. धाकटा खिडकीतून बघत होता. गाडी सुटताना त्याने हात हलवला. मी हलवला की नाही आठवत नाही.

बुधवार, २ एप्रिल

काही विशेष नाही. डबा खोलीतच खाल्ला.

रविवार, ६ एप्रिल

तिकडून त्याचा पहिला फोन. मशीन बसलं, घर बरं आहे, भावजयीला हवा मानवली. मी ऐकत होते. त्याचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, “अरे, तुला एक सांगायचं होतं. मी मुद्दाम केलं नाही असं म्हटलं होतं तुला.”

“ताई, जाऊ दे ना ते.”

“ऐक. मला खरंच माहीत नाही. मी खूप शोधलं. ठरवून केलं नाही, पण मनात कुठेतरी होतं की नव्हतं ते मला सांगता येत नाही. तुला खोटं सांगून ठेवायचं नाही म्हणून सांगते.”

मग तो म्हणाला, “बरं केलंस सांगितलंस.” मग नेहमीच्या सुरात बोलायला लागला, “इथे तपासायला कुणी नाही गं. साहेबांशी बोललोय, पुढचे सगळे तुकडे तुझ्याकडेच येणार. दर महिन्याला.”

मला फार आनंद झाला. दर महिन्याला त्याच्या हातचं काम माझ्या टेबलावर येणार.

“पाठव की,” मी म्हटलं. “मी लगेच ओळीने लावून—”

“नाही, ते तू नको करू,” तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला, आजारी माणसाच्या हातातून जड पिशवी काढून घेताना म्हणतात तसं. “खुणा मी इथूनच करून पाठवत जाईन. तू फक्त पाण्यात सोड.”

मी हो म्हटलं. त्याचं बरोबर आहे, मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं.